वरची तारीख

कार्ल्सरूहे, ९ नोव्हेंबर २०२५

ऊर्मिलाताई,

"तुम्ही या त्या रांगेतून, मी पुढे होऊन चहा घेते."

हे तुमचं वाक्य. तुम्हाला आठवत नसणार. अशी वाक्यं बोलणाऱ्याला आठवत नाहीत, ऐकणाऱ्याच्या पोटात राहतात. दोन हजार चौदा साल. आमच्या लग्नाला दीड वर्ष झालं होतं आणि तुम्ही आम्हाला इथून तुमच्या घरी, रेडिंगला, घेऊन चालला होतात. लंडनला उतरलो तर समोर दोन पाट्या. एकीखाली चार माणसं, दुसरीखाली चारशे. आमच्याकडे भारतीय पासपोर्ट, व्हिसा, वेदांगच्या पगाराच्या स्लिपा, तुमचं आमंत्रणपत्र, सगळं एका फाइलमध्ये. तुम्ही पर्समधून तुमचा मरून रंगाचा ब्रिटिश पासपोर्ट काढलात, ते वाक्य बोललात आणि गेलात. एक तास पन्नास मिनिटांनी आम्ही बाहेर आलो तेव्हा तुमचा दुसरा कप चालू होता. वर विचारलंत, "इतका वेळ? कागदांत काही गडबड होती का?" वेदांग हसला. तुमचा भाऊच तो. मी हसले नाही.

आज हे उगाळायचं कारण असं की आता पाट्या बदलल्यात. जानेवारीत फ्रांकफुर्टला उतराल तेव्हा चारशेवाली रांग तुमची. ऑक्टोबरपासून इथे नवी पद्धत सुरू झाली आहे. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्यांच्या बोटांचे ठसे घेतात, चेहऱ्याचा फोटो काढतात. मग काचेमागचा माणूस विचारेल: कुठे राहणार? किती दिवस? परतीचं तिकीट दाखवा. विमा आहे का? खर्चाला पैसे आहेत का? भावाकडे राहणार असं नुसतं तोंडी सांगून भागणार नाही, म्हणून आमंत्रणपत्र मी सहीनिशी पाठवते आहे. पासपोर्ट तुमच्या परतीच्या दिवसापासून पुढे किमान तीन महिने तरी चालू असायला हवा. बघून ठेवा. मी खोटं कशाला बोलू, हे सगळं लिहिताना मला फार बरं वाटतंय. दोन हजार सोळा साली ब्रिटनने युरोपीय संघातून बाहेर पडावं असं मत देऊन तुम्हीच हे मागून घेतलंत. घ्या आता.

आता कामाचं. डॉक्टरांनी सहा जानेवारी सांगितली आहे. मुलगी आहे, इथे ते आधीच सांगतात. बारसं बाराव्या दिवशी, घरीच. लुडविग्सहाफेनच्या एका मराठी घरातला पाळणा आणणार आहोत. पंचवीस वर्षं तो ह्या घरून त्या घरी फिरतो आहे. नाव आम्ही दोघांनी ठरवलंय, अन्वी, ते तुम्हाला वेदांगने सांगितलंच. पण कानात "कुर्र" करून ते सांगायला आत्या लागते आणि तिला आत्या एकच आहे. नाइलाज आहे. तुमच्या पाठीत धपाटे घालायला मी माझी मैत्रीण कादंबरी आणि तिच्या दोघी जावा बोलावल्या आहेत. हात चांगले जड आहेत तिघींचे.

हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहिलं नाही, कारण तिथे तुम्ही मला फक्त अंगठा पाठवता.

उल्का

•

रेडिंग, १६ नोव्हेंबर २०२५

उल्का,

अकरा वर्षं रांग जपून ठेवलीस. तुझ्या घरी लोणचंसुद्धा इतकं टिकत नाही.

आमंत्रणपत्र मिळालं. चौपन्न वर्षांची बाई मी, सत्तावीस वर्षं ह्या देशात दातांचा दवाखाना चालवते, आणि धाकट्या भावाच्या बायकोने सहीनिशी लिहून दिलं तर मला आत घेतील. छान. तू युनिव्हर्सिटीच्या ऑफिसात परदेशी पोरांचे पासपोर्ट दिवसभर चाळतेस म्हणून येणारं प्रत्येक माणूस तुला अॅडमिशन मागायला आलेलं वाटतं. पासपोर्टच्या पानाचा फोटो सोबत जोडला आहे. तारखेभोवती लाल गोल मीच काढलाय, तुला शोधायला त्रास नको. १४ ऑगस्ट २०२६. परतीनंतर तीन महिने मागतेस, साडेसहा आहेत. डोळे उघडून बघ आणि शांत झोप.

मताबद्दल पुन्हा बोललीस. एकदाच सांगते. आमच्या आईचा व्हिसा ह्याच सरकारने दोनदा नाकारला. "परत जाईलच अशी खात्री वाटत नाही," असं छापील पत्र. कोणाबद्दल? जी बाई पुण्यात देवघरातली समई सोडून चार दिवस मुंबईला जात नव्हती तिच्याबद्दल. त्याच महिन्यात आमच्या गल्लीत युरोपातली चार कुटुंबं नुसती पेट्या घेऊन राहायला आली. त्यांच्याशी माझं वैर नव्हतं. पण माझ्या आईला वेगळा कायदा का, ह्याचं उत्तर मला कोणी दिलं नाही, तेव्हा मी कागदावर फुली मारली. ती चूक होती की नाही ते मी ठरवीन. तू नाही.

आणि तू कशाला एवढी ताठ? जर्मन झालीस. आता इथे यायला तुलाही आधी ऑनलाइन परवानगी काढावी लागते, आणि नुसतं ते तुमचं ओळखपत्र चालत नाही. इतकंच काय, तुझी आई गेली तेव्हा तुला तुझ्या स्वतःच्या गावात शिरायला व्हिसा लागला. ते परदेशी भारतीयांचं कसलं कार्ड यायचं होतं म्हणून वाट बघत बसलीस आणि चौथ्या दिवशी पोचलीस, राख सावडून झाल्यावर. पासपोर्ट बदलताना हिशेब नीट करायला हवा होतास. मी निदान ज्या दारावर उभी राहिले ते माझ्या आईसाठी होतं.

असो. पंधरा जानेवारीचं विमान आहे, गुरुवार. दहा दिवस राहीन. डिंकाचे लाडू आणि घरचं तूप आणते, तिकडचं लोणी खाऊन दूध येत नसतं. आणि नाव बारशाआधी कुठेही लिहू नका. आमच्या घरात मूल आत्याच्या तोंडून नाव ऐकतं, सरकारी कारकुनाच्या नाही.

ऊर्मिला

•

कार्ल्सरूहे, २३ नोव्हेंबर २०२५

ऊर्मिलाताई,

फोटो मिळाला. पाहिला. स्पष्ट आला आहे.

तूप आणू नका. ब्रिटनमधून येणाऱ्याला दूध, दुधाचे पदार्थ, मांस, ह्यातलं काही आत आणता येत नाही. विमानतळावर पेटी उघडली तर बरणी तुमच्यासमोर कचऱ्यात टाकतील, आणि टाकणारा माणूस हातमोजे घालून टाकेल. लाडवांत तूप आहे, तेव्हा त्यांचंही तुम्हीच ठरवा. डिंक मात्र नुसता आणलात तर कोणी हात लावणार नाही. तूप मी इथे कढवीन. तिकडचं लोणी म्हणालात ते पाव किलो एक युरो वीस सेंटला मिळतं आणि चांगलं कढतं.

आईबद्दल लिहिलंत त्याला उत्तर देत नाही.

बाकी तुमचे कागद तुम्ही जाणता.

उल्का

•

रेडिंग, १८ जानेवारी २०२६

प्रिय उल्का,

बाळ-बाळंतीण सुखरूप हे वेदांगने पाच तारखेलाच कळवलं होतं. सिझेरियन झालं, तेव्हा जपून राहा. वाकू नकोस, जड उचलू नकोस, डोक्याला वारा लागू देऊ नकोस. तिकडे खिडक्या उघड्या टाकायची फार हौस असते लोकांना.

मला यायला जमलं नाही ह्याबद्दल वाईट वाटतं. बुधवारी रात्रीपासून ताप भरला. फ्लू आहे, डॉक्टर म्हणाले, नवजात बाळाच्या जवळपासही जाऊ नका. सकाळी वेदांगला मेसेज केला तो त्यामुळेच. तिकिटाचे पैसे गेले, त्याचं काही नाही.

बारसं कसं झालं ते कळव. तिचे कान कसे आहेत? आमच्याकडे सगळ्यांच्या कानाच्या पाळ्या चिकटलेल्या असतात. वेदांगच्या आहेत, माझ्या आहेत. तिच्या आहेत का ते बघून सांग.

चांदीचे वाळे पोस्टाने पाठवते.

ऊर्मिला

•

कार्ल्सरूहे, २५ जानेवारी २०२६

ऊर्मिलाताई,

मला 'प्रिय' लिहिलंत तेव्हाच कळलं की तुम्हाला खरंच ताप असणार.

तुमचा फ्लू फार समजूतदार दिसतो. तिकीट काढलं तेव्हा आला नाही, डिंक कुटला तेव्हा आला नाही, बरोबर विमानाच्या आदल्या रात्री आला. वेदांग गुरुवारी सकाळी सहा वाजता गाडीत तुमच्यासाठी शाल आणि थर्मास ठेवून तयार होता. तुमचा मेसेज आला आणि जिन्यातच बसला. "ताई येत नाही गं," एवढं म्हणाला. त्रेचाळीस वर्षांचा माणूस. मी इथल्या लोकांसारखं म्हटलं, "आल्झो, त्यांनी ठरवलंच असेल तर आपण काय करणार?"

बारसं छान झालं. कळवा म्हणालात, कळवते. अठरा माणसं आमच्या दोन खोल्यांत. पाळण्याला मी माझ्या हिरव्या नारायणपेठेची झालर केली. आत्याच्या जागी कादंबरी बसली. तिने "कुर्र" इतक्या जोरात केलं की खालचे आजोबा वर आले. दुपारी एक ते तीन इथे शांततेची वेळ असते. दार उघडून वेदांगने त्यांना जर्मनमध्ये समजावलं की आमच्यात मुलाचं नाव त्याच्या कानात सांगायची पद्धत आहे. ते म्हणाले, "गेनाऊ, बरोबर, कानात. मग मला का ऐकू आलं?" त्यांना पेढा दिला. दुसरा मागून घेतला आणि थांबले. कादंबरीच्या पाठीत आम्ही धपाटे घातले, सगळ्या हसलो.

तुमच्या आज्ञेचंही सांगून टाकते. नाव मी हॉस्पिटलच्या फॉर्मवर दुसऱ्याच दिवशी लिहिलं. तिथली बाई पेन घेऊन उभी होती. खरं तर महिनाभर थांबता येतं, मला माहीत होतं. थांबले नाही. तेव्हा कारकुनाला आधी कळलं, आत्याला काय, आत्या आलीच नाही.

पाळ्या चिकटलेल्या आहेत.

वाळे मिळाले. पार्सलवर कस्टमने कर लावला, कारण तुम्ही आता परदेशातून पाठवता. वेदांग रांगेत उभा राहून भरून आला. घरात नुसती तुमच्या बाहेर पडण्याची वसुली चाललीय.

लवकर बऱ्या व्हा. न येण्याचं आणखी काही कारण असेल तर ते मला माहीत नाही.

उल्का

•

रेडिंग, ८ फेब्रुवारी २०२६

उल्का,

फ्लू झाला नव्हता.

वेदांगला सांगायची लाज वाटली, मग त्याला सांगितलेलंच तुलाही सांगितलं. आता तू एवढं चावून चावून लिहिलंस म्हणून खरं लिहिते.

पंधरा तारखेला पहाटे चारला टॅक्सीने विमानतळावर गेले. नवी पैठणी पेटीत, हातात डिंकाचा डबा. तूप आणलं नव्हतं, तू म्हणालीस म्हणून. लाडूही नाहीत. काउंटरवर आपल्यातलीच एक मुलगी होती, गुजराती असावी, पंचविशीची. पासपोर्ट घेतला, मशीनला लावला, पुन्हा लावला. म्हणाली, "आंटी, ह्याच्यावर नाही जाता येणार."

मी म्हटलं, "ऑगस्टपर्यंत आहे."

"खालची तारीख नाही आंटी. वरची बघा."

वरची म्हणजे पासपोर्ट मिळाल्याची. १४ नोव्हेंबर २०१५. जुना संपायच्या नऊ महिने आधीच मी तो नवा करून घेतला होता, ऐन वेळी धावपळ नको म्हणून. तेव्हा उरलेले महिने नव्यात मिळवून द्यायचे. म्हणून माझा पासपोर्ट दहा वर्षं नऊ महिन्यांचा. ते जास्तीचे नऊ महिने इथे चालतात, अमेरिकेत चालतात, युरोपात धरत नाहीत. तिकडे शिरायच्या दिवशी पासपोर्ट दहा वर्षांच्या आतलाच लागतो. आम्ही तुमच्यात होतो तोवर हा नियम आम्हाला नव्हता. मी त्या मुलीला म्हटलं, "अगं, कव्हरवर बघ, युरोपियन युनियन असंच छापलंय की." ती हसली नाही, उलट तिचा चेहरा पडला. मागे लोक उभे होते. एक माणूस म्हणाला, "यांना बाजूला घ्या." मला बाजूला घेतलं.

ती मुलगी चांगली होती. पाणी आणून दिलं. विचारलं, "तिकडे तुमचं कोणी आहे ना? त्यांनी सांगितलं नाही?" मी म्हटलं, "माझी भावजय ह्याच कामात आहे. फोटोही पाठवला होता तिला. पण दिवस भरत आलेले, सुटलं असेल तिच्या नजरेतून."

विमान गेलं तरी मी तिथेच बसून होते. कशाला, विचारू नकोस. घरी रिकामं जायचं नव्हतं म्हण. मला मूल नाही हे तू एकदाही तोंडावर काढलं नाहीस. बाकी सगळं काढलंस, ते नाही. ह्याची नोंद माझ्याकडे आहे. पण तुला हेही कळलं नसेल की ते एक "कुर्र" म्हणायला मी किती वर्षं बसले होते. तुम्ही दोघं डॉक्टरांकडे खेपा घालत होतात तेव्हा वेदांगला मी दर वेळी म्हणायचे, "घाई कशाची? मी कुठे जाते?" लिफ्टमध्ये कोणी नसलं की मी म्हणून बघायचे. चौपन्न वर्षांची डेंटिस्ट लिफ्टमध्ये कुर्र करते. हस.

तुझ्या आईबद्दल मी लिहिलं ते वाईट लिहिलं. ते पाठवल्यावर मी जेवले नव्हते. पण माफी मागायला उशीर केला की ती हिशेबासारखी दिसते, म्हणून तेव्हा लिहिलं नाही.

नवा पासपोर्ट आला. ह्या वेळी निळा आहे. दोन्ही तारखा मीच चार वेळा वाचल्या.

आता घरी बसून विचार करते तेव्हा एक गोष्ट खटकते. तुझ्या नजरेतून कागद सुटत नाही. आमच्या लग्नाच्या पंचविसाव्या वाढदिवसाच्या निमंत्रणात तू दोन चुका काढल्या होत्यास, छापून आल्यावर. तेवीस नोव्हेंबरला तू लिहिलंस, "पाहिला. स्पष्ट आला आहे." मी ते आज पुन्हा वाचलं.

सुटलं होतं का, उल्का?

ऊर्मिला

•

कार्ल्सरूहे, १५ फेब्रुवारी २०२६

ऊर्मिलाताई,

सुटलं नव्हतं.

पहिल्या पत्रात मी एकच अट लिहिली, तीन महिन्यांची. दहा वर्षांची लिहायची राहिली, ती चूक होती. त्यानंतरची चूक नव्हती. तुमचा फोटो मी ऑफिसात उघडला. लाल गोल खाली होता आणि माझी नजर सवयीने आधी वर गेली. १४ नोव्हेंबर २०१५. कॅलेंडर समोर होतं. तुम्ही फोटो पाठवलात त्याच्या दोनच दिवस आधी दहा वर्षं भरली होती. विमानाला दोन महिने होते. तुमच्याकडे नवा पासपोर्ट तीन आठवड्यांत मिळतो, तेही मी शोधून पाहिलं. म्हणजे मला नुसतं दिसलं असंही नाही, मी त्याचा अभ्यास केला.

मेल लिहायला घेतला. "ताई, ऑगस्ट विसरा, वरची तारीख बघा." एवढंच लिहायचं होतं. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं. राख सावडून झाल्यावर. त्या चौथ्या दिवसाबद्दल मी कोणाशी बोललेली नाही, वेदांगशीही नाही. तुम्ही ते मताच्या वादात, दोन ओळींत, हिशेब म्हणून टाकलंत. मी लिहिलेलं खोडलं आणि तुपाबद्दल लिहिलं.

मनात म्हटलं, उद्या लिहू. मग म्हटलं, त्यांना इतकं कळतं तर त्यांना कळेलच. डिसेंबरात वेदांगने विचारलं, "ताईचे कागद तू पाहिलेस ना गं?" मी म्हटलं, "हो, पाहिले." खोटं बोलले नाही बघा. आमच्या ऑफिसात अशा उत्तराला काय म्हणतात ते मला ठाऊक आहे. आमच्याकडे एखाद्या पोराचा कागद अपुरा दिसला आणि कोणी त्याला कळवलं नाही, तर दोष पोराचा धरत नाहीत. हे नव्या लोकांना शिकवायचं काम माझं आहे. दर सप्टेंबरात मी उभी राहून शिकवते.

माझी कल्पना अशी होती की तुम्हाला परत पाठवतील आणि मला मजा वाटेल. तुमचा चेहरा कसा होईल तेही मी ठरवून ठेवलं होतं. पंधरा तारखेला पहाटे मी बाळाला पाजत होते. वेदांगचा फोन वाजला, आणि त्याने तो खिशातून काढायच्या आत मला कळलं होतं. मजा वाटली नाही. दूध थांबलं. हेबामे, म्हणजे इथे घरी येते ती सुईण, तिला वाटलं टाके दुखतात. मी म्हटलं, हो, टाके.

बारशाचंही खोटं लिहिलं. म्हणजे आजोबा आले, पेढा खाल्ला, ते खरं. कादंबरीच्या पाठीत सगळ्यांनी धपाटे घातले. माझी पाळी आली तेव्हा माझा हात वर जाईना. ती म्हणाली, "घाल की गं, मी काय खरी आत्या आहे का रागवायला?" मी स्वयंपाकघरात गेले आणि पाणी पीत उभी राहिले.

तुम्ही लिफ्टमधलं लिहिलंत. हस म्हणालात. मी तुम्हाला इतकी वर्षं हसत आले. तुमच्या मतावर, तुमच्या पासपोर्टवर, तुमच्या टोचून बोलण्यावर. मला वाटायचं, मी त्या काचेच्या बरोबर बाजूची आहे. पण काचेमागे बसून माणसाला न सांगता परत पाठवणं ही कामातली सगळ्यात हलकी जात आहे, आणि ते मी माझ्या माणसाशी केलं. तुमच्या आईला नाकारणाऱ्याने निदान छापील पत्र तरी पाठवलं होतं.

वेदांगला काल सांगितलं. तुम्ही सांगण्याआधी मला सांगायचं होतं. त्याने मुलीला बाबागाडीत घातलं आणि बर्फातून दोन तास फिरवून आणलं. आल्यावर विचारलं, "ताईला लिहिणार आहेस?" मी हो म्हटलं. "सगळं?" म्हणाला. हे सगळं आहे.

माफी मागायची तर तुम्हीच म्हणालात तसं होईल, ती हिशेबासारखी दिसेल. तरी मागते. ती मिळावी असं काही मी केलेलं नाही.

आता एक विचारायचं आहे. एक मार्चपासून वेदांग पुन्हा गेर्लिंगेनच्या ऑफिसात जाणार. सकाळी सातला निघेल, संध्याकाळी सातला येईल. मुलगी चाळीस दिवसांची आहे आणि दुपारी तीनच्या पुढे का रडते ते मला कळत नाही. पुस्तकात लिहिलंय पोटात गॅस, सुईण म्हणते तसंच असतं, आणि मला विचारायला आई नाही. एक्केचाळिसाव्या वर्षी मी माझ्याच घरात परक्यासारखी वावरते. काल तिला मांडीवर घेऊन मी मोठ्याने म्हटलं, "ताईंना विचारलं असतं." कोणाला म्हटलं, कोण जाणे.

ब्रिटिश पासपोर्टवर तुम्हाला इथे कुठल्याही एकशे ऐंशी दिवसांत नव्वद दिवस राहता येतं, व्हिसा न काढता. येण्याचा दिवसही धरतात, जाण्याचाही. ह्या वेळी एकही अट गाळलेली नाही; खाली सगळ्या लिहून सरकारी पानाचा दुवा दिला आहे, म्हणजे माझ्या शब्दावर विसंबायला नको. तुमचा दवाखाना आहे, पेशंट आहेत, आणि मी जे केलं ते आहे. बारसं तर होऊन गेलं, ते मला परत आणता येत नाही आणि खोटं खोटं पुन्हा करायचं नाही. तेव्हा आत्या म्हणून या असं मी म्हणत नाही.

तुम्ही नाहीच म्हणणार. मी तुमच्या जागी असते तर हा मेल इथवर वाचलाही नसता. तरी विचारते, ताई. दहा दिवसांचं तिकीट काढू नका. नव्वद दिवस माझ्याजवळ येऊन राहाल का?

उल्का